रहदारी कुणाची, गल्ली कुणाची?

मराठीत ज्याला आपण 'रहदारी' म्हणतो तो शब्द मूळचा फारसी. राहदार म्हणजे रस्ता राखणारा. या राखणीच्या नावाखाली व्यापारी आणि वाटसरू यांच्याकडून जो कर घेतला जाई, तो राहदारी. मुघल काळात हा कर जागोजागी वसूल होत असे. औरंगजेबाने तख्तावर आल्यानंतर पहिल्या काही वर्षांतच तो माफ केला, पण दूरच्या भागांत जमीनदार आणि अंमलदार तो घेतच राहिले, असे इतिहासकार खाफीखान सांगतो. उर्दूत राहदारीला 'जाण्याचा परवाना' असा अर्थ आजही आहे. मराठीत कर आणि परवाना दोन्ही गळून पडले, नुसती ये-जा उरली.

दुसरा शब्द 'शारे-आम'. उत्तर हिंदुस्थानातल्या जुन्या शहरांत गल्लीच्या तोंडाशी पाटी दिसते, 'हा आम रस्ता नाही' अशा अर्थाची. अरबीत 'शारिअ' म्हणजे रस्ता, आणि 'शरीयत' हा शब्दही त्याच धातूपासून आलेला. मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. ही पाटी म्हणजे फक्त घरमालकाची तक्रार आहे, असे मुलांना वाटते. खरे तर तिच्यामागे हजार-बाराशे वर्षांचा कायदेशीर विचार आहे. आज युरोपातल्या शहरांत 'वस्तीतल्या रस्त्यांवरून आरपार जाणारी वाहने बंद करावीत का' यावर जे भांडण चालले आहे, त्यातले बरेचसे प्रश्न आपल्या फकीहांनी उंट आणि गाढवांच्या काळात हाताळले होते. तोच इतिहास या लेखात मांडायचा आहे.

फिकहमध्ये रस्त्यांचे दोन प्रकार केले आहेत. एक 'नाफिज', म्हणजे आरपार जाणारा. दुसरा 'गैर-नाफिज', म्हणजे पुढे वाट नसलेला, आपल्या भाषेत बंद बोळ. आरपार रस्ता सगळ्यांचा. त्यावर कुणी छज्जा काढला, पन्हाळ सोडली, ओटा बांधला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याचा त्रास झाला, तर कोणीही वाटसरू हरकत घेऊ शकतो. बंद बोळ मात्र ज्यांचे दरवाजे त्यात उघडतात त्या सगळ्यांच्या सामाईक मालकीचा. तिथे नवा दरवाजा काढायचा किंवा छज्जा पुढे आणायचा तर सगळ्या रहिवाशांची संमती लागते. एकाने नाही म्हटले तरी काम थांबते. बाराव्या शतकातल्या मरगिनानीच्या 'हिदाया' या हनफी ग्रंथात ही चर्चा आहे. हिंदुस्थानच्या मदरशांत हा ग्रंथ शतकानुशतके शिकवला गेला आणि १७९१ मध्ये चार्ल्स हॅमिल्टनने कंपनी सरकारसाठी त्याचे इंग्रजी भाषांतर केले. मालिकी पंथातही हाच भेद आहे. चौदाव्या शतकात ट्युनिस शहरात इब्न अल-रामी नावाचा एक गवंडी होता. काजी त्याला बांधकामाच्या तंट्यांत जागेवर पाहणी करायला पाठवत असे. त्याने या सगळ्या निवाड्यांवर एक ग्रंथच लिहून ठेवला आहे. कुणाची भिंत, कुणाची खिडकी, कुणाच्या भट्टीचा धूर, कुणाच्या दारासमोर दार, असे रोजचे प्रश्न त्यात येतात.

आरपार रस्ता किती रुंद असावा, याबद्दल बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हदीस आहे. वाद झाला तर सात हात रुंदी ठेवावी, असा तिचा आशय. आजच्या मापाने ही रुंदी सव्वातीन ते साडेतीन मीटरच्या आसपास भरते. समोरासमोरून आलेले दोन लादलेले उंट एकमेकांना घासून का होईना निघून जातील, इतकी ही जागा आहे, असे अभ्यासक सांगतात. दुसरी एक हदीस रस्त्यावर बसण्याबद्दल आहे. पैगंबरांनी रस्त्यावर बैठक मारण्यापासून रोखले, तेव्हा सहाबांनी सांगितले की आमची बैठक तिथेच असते, दुसरी जागा नाही. मग उत्तर मिळाले की बसायचेच असेल तर रस्त्याचा हक्क द्या. नजर खाली ठेवा, कुणाला त्रास देऊ नका, सलामाला उत्तर द्या, चांगल्याचा आग्रह धरा आणि वाइटापासून रोखा. माझ्या दृष्टीने यात मोठी गोष्ट आहे. रस्ता फक्त जाण्यासाठी आहे, असे इथे म्हटलेले नाही. लोक तिथे बसणार, हे मान्य करून त्याचे नियम घातले आहेत. म्हणजे जाणाऱ्याचा हक्क आहे आणि राहणाऱ्याचाही.

या कायद्यातून जी शहरे उभी राहिली त्यांचा आराखडा ओळखीचा आहे. शहराच्या वेशींना जोडणारे मोजकेच आरपार रस्ते, त्यांवर बाजार आणि मशिदी. या रस्त्यांतून फुटणाऱ्या गल्ल्या, आणि गल्ल्यांतून फुटणारे बंद बोळ. कैरोत अशा वस्तीला 'हारा' म्हणत. तिला फाटक असे आणि ते रात्री बंद होई. १६३९ मध्ये पायाभरणी झालेल्या शाहजहानाबादेत कूचे, कटरे आणि मोहल्ले होते. १४११ मध्ये वसलेल्या अहमदाबादेत पोळ होत्या आणि आजही आहेत. मुख्य रस्त्यावर एक फाटक, आत चौक, पाखरांसाठी चबुतरा आणि वळणावळणाच्या गल्ल्या. २०१७ मध्ये युनेस्कोने अहमदाबादला जागतिक वारसा शहर ठरवले, त्यात या पोळांचा मोठा वाटा होता. पोळीत हिंदू, जैन, मुसलमान सगळेच राहिले. त्यामुळे ही रचना फक्त मुसलमानांची, असे म्हणता येणार नाही. आपल्याकडच्या वाड्यांतून आणि आळ्यांतूनही अनोळखी माणसाची वाट आपोआप अडत असे.

या रचनेचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरू नये. फाटक चोरांपासून राखत असे, तसेच जात, धंदा आणि धर्म यांच्या भिंतीही राखत असे. कोण आत राहील आणि कोण नाही, हे फाटकावरच ठरे. दंगलीच्या भीतीने लावलेले फाटक आणि मुलांना खेळता यावे म्हणून लावलेला खांब यांत फरक आहे. तो फरकही फिकहने ओळखला होता.

उस्मानी साम्राज्याने १८६९ ते १८७६ या काळात हनफी फिकहचे दिवाणी कायदे 'मजल्ला' या नावाने कलमवार संकलित केले. त्यात बंद बोळाविषयी एक नियम असा आहे की रहिवाशांनी एकमताने ठरवले तरी त्यांना तो बोळ विकता येत नाही, आपसात वाटून घेता येत नाही आणि त्याचे तोंड बंद करता येत नाही. कारणही दिले आहे. मोठ्या रस्त्यावर गर्दी दाटली तर वाटसरूला बाजूच्या बोळात शिरून श्वास घेण्याचा हक्क आहे. बोळ सामाईक मालकीचा खरा, पण अडचणीच्या वेळी तिथे परक्यालाही जागा आहे. सहसा वाहने आरपार जाणार नाहीत, पण माणसाला दार बंद नाही, असा हा तोल.

हा तोल मोडला तो बाहेरून. जुलै १७९८ मध्ये नेपोलियनचे सैन्य कैरोत शिरले. थोड्याच काळात फ्रेंचांनी मोहल्ल्यांची फाटके उखडायला सुरुवात केली. बंडाच्या वेळी फाटके आडवी येतात, हे त्यांना कळत होते. अल-जबरती या कैरोच्या इतिहासकाराने लोकांची चीड नोंदवून ठेवली आहे. दिल्लीत १८५७ नंतर लाल किल्ल्याभोवतीची आणि जामा मशिदीजवळची वस्ती इंग्रजांनी सपाट केली. खास बाजार, उर्दू बाजार, खानम का बाजार नाहीसे झाले. बल्लीमारानच्या गली कासिम जानमध्ये राहणाऱ्या गालिबने मित्रांना लिहिलेल्या पत्रांत या पाडापाडीचा हिशेब येतो. पुढे रेल्वेही याच शहराच्या पोटातून गेली. या दोन्ही ठिकाणी रस्ता मोकळा करण्यामागे वाटसरूची सोय हे मुख्य कारण नव्हते. सैन्याला वाट हवी होती.

मुंबईत कारण वेगळे होते. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग दिसला आणि दाट वस्तीतून पसरला. १८९८ मध्ये मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. रोग कोंदट गल्ल्यांत वाढतो, समुद्राचा वारा आत आला पाहिजे, अशी तेव्हाची समजूत. त्यातून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड दाट वस्त्या चिरून काढले गेले. ट्रस्टच्याच काळात मोहम्मद अली रोडही झाला. त्याला पुढे मौलाना मोहम्मद अली जौहर यांचे नाव मिळाले. ट्रस्ट घरे पाडतो जास्त आणि बांधतो कमी, हा आरोप तेव्हापासूनच होत होता. उठवलेली माणसे शेजारच्या मोहल्ल्यात गेली आणि तिथली दाटी वाढली. १९३३ मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला.

या धोरणाला त्याच काळात विरोध करणारा एक माणूस होता, पॅट्रिक गेडिस. हा स्कॉटिश अभ्यासक १९१४ मध्ये हिंदुस्थानात आला. त्याने अनेक शहरे पायी पाहिली आणि १९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभागाचा प्रमुख झाला. रुंद सरळ रस्त्यासाठी घरांची रांग पाडण्याऐवजी एखादे मोडके घर काढावे, तिथे चौक करावा, विहीर साफ करावी, झाड लावावे आणि गल्ली गल्लीच ठेवावी, असे तो सांगे. शस्त्रक्रिया जपून करावी, असा त्याचा आग्रह होता. नगरपालिकांनी त्याचे अहवाल घेतले आणि बहुतेक बासनात ठेवले.

मोहम्मद अली रोडची पुढची कथा वाचकांपैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिली आहे. मोहल्ल्यातून काढलेला रस्ता शहराच्या दोन टोकांना जोडणारा हमरस्ता झाला. तोही पुरेना, म्हणून २००२ मध्ये जे. जे. उड्डाणपूल आला, जवळजवळ अडीच किलोमीटरचा. आता दक्षिण मुंबईत कामाला जाणारा माणूस भेंडी बाजारात न थांबता, किंबहुना तो न बघताच, वरून निघून जातो. त्याची गाडी मात्र कुणाच्या तरी वरच्या मजल्याच्या खिडकीसमोरून जाते. आरपार रहदारीला वळसा घालायला न लावता ती वस्तीच्या वरून नेण्याचा हा मार्ग. त्याची किंमत खिडकीत बसणाऱ्याने दिली. जुनी राहदारी वाटसरूकडून वसूल होत असे, आता ती रहिवाशाकडून होते.

मोटारींचा सुळसुळाट जिथे आधी झाला, त्या देशांत हा हिशेब कुणीतरी मांडायला घेतला. ब्रिटनमध्ये १९६३ साली कॉलिन ब्युकॅनन याच्या समितीने शहरातील वाहतुकीवर अहवाल दिला. शहराचे लहान लहान भाग पाडावेत, आरपार वाहने त्यांच्या कडेने जावीत, आत फक्त तिथे काम असलेलीच यावीत, असे त्यात सुचवले होते. अमेरिकेत डोनाल्ड ॲपलयार्डने सॅन फ्रान्सिस्कोतले तीन एकसारखे रस्ते निवडले. एकावर दिवसाला सुमारे २,००० गाड्या, दुसऱ्यावर ८,०००, तिसऱ्यावर १६,०००. त्याने रहिवाशांना विचारले की रस्त्यावर तुमचे मित्र किती? पहिल्या रस्त्यावर सरासरी तीन, तिसऱ्यावर एकाहूनही कमी. नकाशावर 'आपली जागा' दाखवायला सांगितली तेव्हा पहिल्या रस्त्यावरच्या लोकांनी पूर्ण रस्ता दाखवला, तिसऱ्यावरच्यांची जागा घराच्या भिंतीपाशी संपली. शेजारधर्मावर आपण इतके बोलतो, शेजाऱ्याच्या हक्कावर इतके खुतबे ऐकतो. शेजारी शेजाऱ्याला भेटणार कुठे, हा त्यातला साधा प्रश्न ॲपलयार्डने विचारला.

नेदरलँड्समध्ये चळवळ उभी राहिली ती मुलांच्या मृत्यूंमुळे. १९७१ मध्ये तिथे रस्त्यावर तीन हजारांहून अधिक माणसे गेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. पालक रस्त्यावर उतरले. डेल्फ्ट शहरात रहिवाशांनी गल्लीतच झाडे, बाक आणि वळणे आणून गाडीचा वेग मोडला. १९७६ मध्ये अशा गल्ल्यांना कायद्याने मान्यता मिळाली. १९७७ मध्ये ग्रोनिंगेन शहराने मध्यवस्तीचे चार भाग केले. एका भागातून दुसऱ्यात गाडीने थेट जाता येत नाही, बाहेरच्या वळणरस्त्याला जाऊन परत आत यावे लागते. सायकलवाला आणि पायी जाणारा मात्र थेट जातो. हा आराखडा पाहिला की नाफिज आणि गैर-नाफिज आठवतात. एकच गल्ली गाडीसाठी बंद बोळ आणि माणसासाठी आरपार रस्ता.

अलीकडचे उदाहरण लंडनचे. तिथे वॉल्थम फॉरेस्ट भागात २०१४ नंतर आणि करोनाच्या काळात, २०२० पासून, इतर अनेक भागांत वस्तीतल्या गल्ल्यांवर कुंड्या, खांब किंवा कॅमेरे लावून आरपार गाड्या थांबवल्या. लंडनमधल्या अशा योजनांच्या अभ्यासांत आतल्या रस्त्यांवरची रहदारी सरासरी जवळजवळ निम्म्याने कमी झालेली दिसली आणि अपघाती इजाही सुमारे निम्म्यावर आल्या. कडेच्या मोठ्या रस्त्यांवर सरासरी फारसा फरक पडला नाही. पण सरासरी म्हणजे काही रस्त्यांवर वाढली आणि काहींवर घटली. ज्याच्या दारासमोर वाढली त्याला सरासरी सांगून उपयोग नसतो.

टॉवर हॅम्लेट्समध्ये हा वाद सर्वाधिक पेटला. २०२१ च्या जनगणनेनुसार तिथे सुमारे ४० टक्के लोक मुसलमान आहेत, एक तृतीयांशाहून अधिक बांगलादेशी वंशाचे. २०२२ मध्ये लुत्फुर रहमान 'रस्ते पुन्हा उघडू' असे वचन देऊन महापौर झाले आणि २०२३ मध्ये बेथनल ग्रीन परिसरातील अडथळे काढण्याचा निर्णय झाला. काही रहिवासी कोर्टात गेले. विरोधकांचे म्हणणे असे की टॅक्सी आणि डिलिव्हरीवर ज्यांचे पोट आहे, ज्यांच्या घरात म्हातारे आणि अपंग आहेत, त्यांना वळसा परवडत नाही. गल्ल्या शांत झाल्या की तिथली घरे महागतात आणि गरीब बाहेर जातो, अशीही भीती होती. समर्थक म्हणत की याच भागात बहुसंख्य घरांकडे गाडीच नाही, मग धूर आणि धोका त्यांनीच का सोसायचा? मला दोन्ही बाजूंत खरेपणा दिसतो. म्हणूनच असा प्रश्न 'गाडीवाले विरुद्ध पायी चालणारे' असा मांडला की सुटत नाही.

हे सगळे लंडनचे म्हणून बाजूला ठेवता येत नाही. मी राहते त्या गावात आमच्या मोहल्ल्याची गल्ली काँक्रीटची झाली आणि एसटी स्टँडवरून बायपासला जाणाऱ्यांना ती जवळची वाट सापडली. मोबाईलचा नकाशाही तीच दाखवू लागला. टेम्पो, जीप, मोटारसायकली. शाळा सुटायच्या वेळी मुले भिंतीला चिकटून चालत. लोकांनी अर्ज केले, मग मधोमध तीन लोखंडी खांब बसले, मधला कुलूप काढून उचलता येईल असा. महिन्याभरात ओट्यांवर बायका पुन्हा बसू लागल्या, मुले लगोरी खेळू लागली, भाजीवाला हातगाडी घेऊन निवांत फिरू लागला. पण कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचा धंदा निम्मा झाला. एका रात्री खांबाची किल्ली सापडेना, आणि एका आजारी आजींना खुर्चीत बसवून रिक्षापर्यंत उचलून न्यावे लागले. आणि सगळे टेम्पो मागच्या आळीतून जाऊ लागले. तिथले लोक म्हणाले, "तुमचा त्रास आमच्या दारात ढकललात की!" त्यांचे म्हणणे चूक नव्हते.

मग दोन्ही आळ्यांची मिळून बैठक झाली, देवळाच्या सभामंडपात. किल्ल्या दोन केल्या. एक मशिदीच्या मुअज्जिनकडे, एक रात्री उशिरापर्यंत उघड्या असणाऱ्या किराणा दुकानात. मागच्या आळीलाही खांब मागितले आणि काही महिन्यांनी ते मिळाले. टेम्पो आता स्टँडवरच्या मोठ्या रस्त्याने जातात, पाच-सात मिनिटे जास्त लागतात. त्या रस्त्यावर घरे कमी, दुकाने जास्त आहेत. पंक्चरवाल्याने आपले दुकान तिकडेच हलवले, पण त्याला भाडे जास्त पडते, हेही सांगितले पाहिजे.

फिकहचे काही कायदेशीर सिद्धांत मजल्लाच्या सुरुवातीला एकत्र दिले आहेत. त्यांतला एक असा की एक नुकसान तितक्याच दुसऱ्या नुकसानीने दूर करता येत नाही. दुसरा असा की सगळ्यांचे नुकसान टाळण्यासाठी एखाद्याचे मर्यादित नुकसान सोसावे लागते. पहिला सिद्धांत मागच्या आळीची बाजू मांडतो, दुसरा टेम्पोवाल्याला पाच मिनिटे जास्त सोसायला सांगतो. आमच्या बैठकीत हे शब्द कुणी वापरले नाहीत, पण भांडण याच दोन मुद्द्यांवर झाले.

आज आपल्या शहरांत मोहल्ल्यांपुढे दोनच पर्याय ठेवले जातात. एक तर रस्ता रुंद करा आणि आरपार सोडा, नाहीतर फाटक लावून पहारेकरी बसवा. पहिल्यात वस्ती रहदारीच्या स्वाधीन होते. दुसऱ्यात ती शहरापासून तुटते, आणि मुसलमान वस्तीच्या बाबतीत तर तुटण्याची किंमत आपण चांगलीच जाणतो. जुन्या फकीहांकडून घेण्यासारखा तिसरा मार्ग आहे. वाहनाला वळसा घालायला लावा, माणसाला लावू नका. ज्यांची दारे त्या गल्लीत उघडतात त्यांची संमती घ्या, बायकांचीही, भाडेकरूंचीही. शेजारच्या गल्लीला आधीच बैठकीला बोलवा. रुग्णवाहिका आणि अग्निशमन गाडीची वाट कुणाच्या किल्लीने उघडेल, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. आणि तोंडावर पाटी लावायचीच असेल तर 'आम रस्ता नाही' एवढेच लिहून थांबू नका. 'गाड्यांसाठी बंद, माणसांसाठी उघडा' असे मराठीत आणि उर्दूत दोन्हींत लिहा.